यकृताची खबर कातडीवर

वैशाख शुद्ध चतुर्दशी ही नृसिंहजयंती. त्या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णी गावी नृसिंहाच्या दर्शनाला रांग लागते. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगाखेडच्या अलीकडे हे गाव आहे. डोक्यावर वैशाखाचे ऊन, आजूबाजूला पीक निघून गेलेली काळी राने, आणि तीर्थासाठी पुढे झालेले कितीतरी तळहात. विद्यार्थिमित्रहो, अशी कल्पना करा की या रांगेत एक अनुभवी डॉक्टर उभे आहेत. पुढच्या गृहस्थांची त्यांनी नाडी पाहिलेली नाही, पोट चाचपलेले नाही. तरीही उजेडात उघडा झालेला एक तळहात आणि बाहीबाहेर आलेले मनगट पाहून त्यांच्या मनात प्रश्न येतो : यांचे यकृत ठीक आहे ना?

यकृत आहे पोटात, उजव्या बरगड्यांच्या आड. तळहात त्यापासून हातभर दूर. मग तिकडची खबर इकडे पोचते कशी? आणि ती खबर कितपत खरी मानावी? या लेखात आपण हेच पाहणार आहोत.

दीड किलोचा कारखाना

प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलो भरते. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते. या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आतड्यांकडून, एका जाड नीलेतून येते. या नीलेला प्रतिहारी नीला म्हणतात. पचलेल्या अन्नातले जे जे रक्तात उतरते, ते सगळे आधी यकृताच्या दारातून जाते आणि मग बाकीच्या शरीराला मिळते. प्रतिहारी म्हणजे द्वारपाल. ज्याने हे नाव दिले, त्याला यकृताचे काम नीट कळले होते असे म्हणावयास हरकत नाही.

यकृताची कामे मोजू लागलो तर पाने पुरणार नाहीत. आपल्याला त्यांतली चारच हवीत. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडून जो पिवळा रंग उरतो, तो यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. रक्त गोठवणारी आणि रक्तातले पाणी रक्तातच धरून ठेवणारी प्रथिने ते तयार करते. काम संपलेली संप्रेरके ते मोडून टाकते. आणि दारूसारख्या विषांची विल्हेवाट लावते. यांतले कोणतेही काम अडले की त्याची खूण पुढे-मागे कातडीवर उमटते.

शेवटचे काम आधी घेऊ. दारू हातभट्टीची असो, देशी असो, शिंदी असो की चकचकीत बाटलीतली असो, अंमल चढवणारा पदार्थ एकच : इथिल अल्कोहोल. यकृतातील विकरे त्याचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात आणि मग अ‍ॅसिटिक आम्ल. मधला पदार्थ मूळ दारूपेक्षाही त्रासदायक असतो. हे काम ठरलेल्या गतीने चालते. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल, त्याहून फारसे अधिक नाही. लिंबू चोखले, ताक प्यायले, डोक्यावर घागर ओतली, तरी ही गती वाढत नाही.

वर्षानुवर्षे हा भार पडला म्हणजे यकृताच्या पेशींत आधी चरबी साठते. मग त्यांना सूज येते. शेवटी पेशी मरून त्यांच्या जागी जखमेच्या वणासारखे घट्ट तंतू तयार होतात. मऊ, गुळगुळीत यकृत आक्रसून कठीण आणि गाठीगाठींचे होते. मराठीत याला यकृताचे सूत्रण म्हणतात. दवाखान्यात तुमच्या कानावर पडेल तो शब्द मात्र 'सिऱ्होसिस'.

पिवळे काय, पिवळे कशाने

सगळ्यांना ठाऊक असलेली खूण म्हणजे कावीळ. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. ती मोडली की तिच्यातल्या रक्तरंजकापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते १ मिलिग्रॅमच्या आतच असते. हा आकडा ३ च्या आसपास गेला की पिवळेपणा नजरेला जाणवू लागतो.

तो पाहावा डोळ्यांच्या पांढऱ्या भागात. तेथील लवचीक तंतूंना बिलिरुबिन चांगले चिकटते. शिवाय पाठीमागे पांढरी पार्श्वभूमी असते. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. गोऱ्या कातडीवर कावीळ सहज दिसते, सावळ्या कातडीवर ती लपून राहते. म्हणून डोळे पाहावेत, जीभ वर करून तिच्याखालचा भाग पाहावा, आणि तेही दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली कावीळ बेमालूम दडते.

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते अशी म्हण आहे. म्हण म्हणून ती चांगली आहे, पण तिच्यात वैद्यकशास्त्र शोधू नका. रोगी जगाला पिवळा दिसतो. जग त्याला पूर्वीसारखेच दिसते.

आता एक फसवी गोष्ट. एखाद्याने महिनोन् महिने भरपूर गाजरे, पपई, तांबडा भोपळा खाल्ला तर त्याचे तळहात आणि तळपाय चक्क पिवळे होतात. हा रंग कॅरोटिनचा. अशा माणसाचे डोळे मात्र पांढरे स्वच्छ राहतात. तळहात पिवळे आणि डोळे पांढरे, तर आहार विचारावा. डोळेच पिवळे, तर डॉक्टर गाठावा.

डॉक्टर गाठण्याऐवजी अजूनही कित्येक जण कावीळ 'उतरवायला' जातात. उतरवणारा रोग्याच्या हातांना काहीतरी चोळतो, चुन्याच्या पाण्याने ते धुतो, आणि पाणी पिवळेधमक होते. 'पाहा, कावीळ बाहेर पडली!' आंब्याच्या सालीचा अर्क आणि चुन्याचे पाणी एकत्र आले की असा पिवळा रंग येतो. मग हात रोग्याचा असो की मामलेदाराचा. गळ्यात घालायची माळ दिवसेंदिवस लांब होते, तीही वनस्पतीच्या ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या आणि त्यांवरचे गाठींचे वेढे सैल पडले म्हणून. ती खुंटीला टांगली तरी वाढते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून माळेला यश मिळते. सूत्रण झालेल्या माणसाचे मात्र या माळेपायी मोलाचे महिने वाया जातात. मला या प्रकारात सर्वांत जास्त राग येतो तो याच गोष्टीचा.

कोळी आणि तांबडे तळहात

दुसरी खूण कमी लोकांना ठाऊक असते. छाती, मान, खांदे, चेहरा किंवा दंड यांवर कधी कधी एक तांबडा ठिपका दिसतो आणि त्यातून चहूकडे बारीक तांबडे पाय फुटलेले असतात. हुबेहूब कोळी. इंग्रजी वैद्यकातही त्याला कोळ्याचेच नाव आहे. मधला ठिपका म्हणजे कातडीच्या पृष्ठभागाकडे येणारी एक सूक्ष्म रोहिणी. पाय म्हणजे तिच्यापासून निघालेल्या, फुगलेल्या केशवाहिन्या.

हा कोळी ओळखण्याची कसोटी फार सुंदर आहे. पेन्सिलीच्या बोथट टोकाने मधला ठिपका दाबायचा. सगळे पाय एकदम नाहीसे होतात. टोक उचलले की रक्त आधी मध्यात येते आणि मग पायांतून बाहेर पसरते. डास चावल्याचा किंवा घामोळ्याचा लाल डाग असा वागत नाही. रक्त परत येणे म्हणजे काय ते पाहायचे असेल तर आत्ताच आपल्या अंगठ्याचे नख दाबून धरा. ते पांढरे होईल. सोडा, दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत येईल.

हे कोळी येतात कशाने? स्त्री-संप्रेरके, म्हणजे इस्ट्रोजेन, पुरुषांच्या शरीरातही थोडी असतात. यकृत बिघडले की ती वेळेवर मोडली जात नाहीत, रक्तात त्यांचे प्रमाण वाढते, आणि त्यांच्या परिणामाने कातडीतल्या बारीक वाहिन्या रुंदावतात. याच कारणाने काही पुरुषांची छाती वाढते आणि अंगावरचे केस विरळ होतात. तळहातांची लालीही याच घरची : अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या बाजूला जो मांसल उंचवटा असतो तो लालभडक दिसतो, मधला खोलगट भाग मात्र नेहमीच्या रंगाचा राहतो.

पण थांबा. गरोदर स्त्रीच्या रक्तातही इस्ट्रोजेन पुष्कळ वाढलेले असते. तिच्याही अंगावर असे कोळी दिसतात, तिचेही तळहात लाल होतात, आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते सगळे बहुधा मावळते. तुमच्या वयाच्या कित्येक निरोगी मुलामुलींच्या गालावर किंवा हातावर एखाददुसरा कोळी असतो, त्याचा अर्थ काहीच नसतो. संधिवातात आणि गळ्यातील अवटू ग्रंथीच्या विकारातही तळहात लाल होऊ शकतात. प्रौढ पुरुषाच्या अंगावर पाच-सहापेक्षा जास्त कोळी एकदम दिसू लागले तर मात्र डॉक्टर यकृताकडे वळतात. यकृताकडे, हे लक्षात ठेवा. लगेच बाटलीकडे नव्हे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांतली या खुणांची चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीवरची आहेत. शेतात राबून रापलेल्या हातावर ही लाली शोधायला नजर तयार व्हावी लागते, आणि पुष्कळदा ती दिसतच नाही. खूण दिसली नाही म्हणजे रोग नाही, असे समजू नये.

नखे, ओरखडे आणि बेंबीभोवतीच्या शिरा

रिचर्ड टेरी या ब्रिटिश डॉक्टरने १९५४ साली सूत्रणाच्या रोग्यांच्या नखांचे वर्णन प्रसिद्ध केले. जवळजवळ सगळे नख दुधी काचेसारखे पांढरे, मुळाशी असणारी चंद्रकोर पुसलेली, आणि टोकाला तेवढी एक अरुंद तांबूस पट्टी. अशी नखे मधुमेहात, हृदयविकारात आणि उतारवयातही आढळतात.

पित्ताची वाट अडली तर अंगभर खाज सुटते. पुरळ नसते, तरी ओरखड्यांच्या रेघाच रेघा. रक्त गोठवणारी प्रथिने कमी पडली तर साध्या धक्क्याने काळेनिळे डाग उठतात, दात घासताना रक्त येते.

पोटावरची खूण मात्र सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण ती म्हणजे पाटबंधाऱ्याच्या भाषेत सांगता येणारी गोष्ट. प्रतिहारी नीलेतले रक्त कठीण झालेल्या यकृतातून जाऊ शकत नाही. दार लागले, पण पाटाला पाणी येतच आहे. तुंबलेले रक्त आडवाटा शोधते. गर्भात असताना बेंबीतून यकृताकडे जाणारी एक वाहिनी आपल्याला होती. जन्मानंतर ती बंद पडते. तिच्या जवळच्या बारीक शिरा आता फुगतात आणि बेंबीभोवती सर्पांसारख्या वेटोळ्या दिसू लागतात. ग्रीक पुराणात मेडूसा नावाची एक स्त्री आहे, तिच्या डोक्यावर केसांऐवजी साप होते. तिचेच नाव या खुणेला मिळाले आहे. त्याच सुमारास प्लीहा मोठी होते. रक्तातले पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन कमी पडल्यामुळे आणि या तुंबाऱ्यामुळे पोटात पाणी साठते. याला आपले जुने लोक जलोदर म्हणत. दंड आणि पाय काटकीसारखे, पोट मात्र घागरीएवढे, असा माणूस तुम्ही पाहिला असेल.

बेंबीभोवतीच्या शिरा दिसतात, पण स्वतः फारसा अपाय करीत नाहीत. खरा धोका न दिसणाऱ्या आडवाटेचा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी अशाच शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. तशी झाली तर घटकाभरही वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

ज्वारीच्या मुलखातील एक दुखणे

दारू पिणाऱ्याच्या कातडीवर यकृताच्या खुणा असतात तशा उपासमारीच्याही असतात. दारूतून उष्मांक मिळतात, म्हणून भूक मरते, जेवण सुटते, जे खाल्ले जाते तेही आतडे नीट शोषून घेत नाही. त्यातून होणाऱ्या एका विकाराचा दख्खनच्या पठाराशी जुना संबंध आहे. पोखर्णीच्या शिवारातल्या वाचकाला तो जवळचा वाटेल. त्याचे नाव पेलाग्रा. मराठीत वल्कचर्म, म्हणजे झाडाच्या सालीसारखी झालेली कातडी.

जेथे ऊन लागते तेथेच ही कातडी बिघडते : हातांची पाठ, मनगटे, पावले, चेहरा, आणि सदऱ्याच्या गळ्यातून उघडी राहणारी मान. सुरुवातीला उन्हाने भाजल्यासारखी लाल, मग काळपट, खरखरीत, पापुद्रे सुटणारी. दोन्ही हातांवर अगदी सारखी, आणि कडा इतकी रेखीव की जणू हातमोजा घातला आहे. मानेभोवती तर माळच दिसते. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांत हा रोग १७३५ साली पाहिला; त्या माळेला आजही कासालचे नाव आहे. कातडीबरोबर जीभ लालबुंद होते, जुलाब लागतात, माणूस उदास आणि विसराळू होतो. उपचार झाले नाहीत तर मृत्यूही येतो.

युरोपात आणि अमेरिकेत हा रोग मका खाणाऱ्या गरिबांचा होता. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून तपास करून तो संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे हे दाखवले. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी त्यावरचे द्रव्य ओळखले : निकोटिनिक आम्ल, म्हणजे 'ब' गटातील नायसिन हे जीवनसत्त्व.

हैदराबादच्या संशोधकांना मात्र एक कोडे पडले. दख्खनमध्ये मका कोण खातो? येथे रोग होता तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. मक्यातले नायसिन बांधलेले असते, ते अंगी लागत नाही. ज्वारीचे तसे नव्हते. कोलुतूर गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली एक वेगळेच कारण पुढे मांडले. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसीन नावाचे अमिनो आम्ल फार असते. आपले शरीर ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून नायसिन तयार करू शकते. ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून सुमारे १ मिलिग्रॅम. जास्तीचे ल्यूसीन या कामात मोडता घालते, असे त्यांचे म्हणणे. पुढे या मतावर बराच वाद झाला, पण ज्वारी आणि पेलाग्रा यांची सांगड लक्षात आणून देण्याचे श्रेय त्यांचे आहे. त्यांची प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे आठवले म्हणजे ते संशोधन आपल्या किती जवळचे आहे ते कळेल.

यावरून घरी जाऊन भाकरी नाकारू नका! ज्वारी हे उत्तम धान्य आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे वाण दिले ते उगीच नाही. प्रश्न भाकरीचा नव्हता, भाकरीबरोबर काहीच नसण्याचा होता. कोरडी भाकरी आणि मिरचीचा ठेचा, तिन्ही त्रिकाळ, बारा महिने. त्याच भाकरीबरोबर वरण, पिठले, शेंगदाण्याची चटणी, दूध आले की रोग जवळ येत नाही. लोकांच्या ताटात इतर धान्ये आणि डाळी आल्या तसा पेलाग्रा मागे हटला.

आज तो दवाखान्यात दिसतो तेव्हा रोगी पुष्कळदा दारूच्या आहारी गेलेला असतो. नायसिनचा पुरवठा नाही, साठवणारे यकृत दुबळे, आणि रोज ऊन. गल्लीतले लोक म्हणतात, 'उन्हाने रापलाय, दुसरे काय!' येथे फरक ओळखता आला तर जीव वाचतो. उन्हाने रापलेली कातडी काळवंडते, पण मऊ राहते. तिची कडा इतकी रेखीव नसते, जिभेची आग होत नाही. मानेची माळ, लाल जीभ आणि जुलाब ही तिन्ही एकत्र दिसली तर ग्रामीण रुग्णालयात न्यावे. औषध साधे आणि स्वस्त आहे.

दारूचा थेंबही नाही, तरी

आता पुण्याची एक गोष्ट ऐका. आपल्या देशात पूर्वी एक ते तीन वर्षांच्या बालकांना सूत्रण होई आणि बहुतेक बालके दगावत. या बालकांनी दारू प्यायली होती असे कोण म्हणेल? त्यांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार मोठे आढळले. १९८३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह एक संशय मांडला. बाळाचे गाई-म्हशीचे दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जाते. दुधातले केसीन हे प्रथिन भांड्यातले तांबे उचलते. ते तांबे कोवळ्या यकृतात साठते. दुधाची भांडी बदला, असा सल्ला घरोघर गेला. पितळेची जागा स्टीलने घेतलीच होती. हा रोग आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. कल्हईवाल्याची फेरी हा तुमच्या आजीच्या आठवणीतला विषय असेल. तिला विचारून पाहा.

यकृत बिघडवणारी इतर कारणेही आहेत. 'ब' आणि 'क' प्रकारच्या यकृतदाहाचे विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृतात राहतात आणि सूत्रण घडवतात. 'ब' वर लस आहे, ती आता बाळाला जन्मतःच देतात. 'क' गोळ्यांनी बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोहोंची तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. लठ्ठपणा आणि मधुमेह यांमुळेही यकृतात चरबी साठते. तेव्हा लाल तळहात आणि फुगलेले पोट पाहून एखाद्याला 'दारुडा' म्हणून मोकळे होणारे लोक शास्त्र तर जाणत नाहीतच, पण जन्मात थेंब न घेतलेल्या माणसावर घोर अन्यायही करतात. नाकाच्या लालीचेही तेच. ते बहुधा कातडीच्या एका वेगळ्याच विकाराने लाल होते, आणि तो विकार न पिणाऱ्यालाही होतो.

कातडी गप्प असते तेव्हा

वरच्या खुणा बहुतेक उशिराच्या आहेत. यकृताची राखीव ताकद दांडगी असते. निम्म्याहून अधिक भाग निकामी होईपर्यंत ते कुरकुर करीत नाही. चरबी साठण्याच्या पहिल्या अवस्थेत तळहात साधे, डोळे पांढरे, छातीवर कोळी नाही. 'मी रोज घेतो, मला काय झाले आहे?' हे वाक्य या शांततेतून येते. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी यांतूनच तेव्हा काही कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी वडील, काका, मामा रोज पिणारे असतील. हा लेख वाचून त्यांचे हात चोरून पाहावेसे वाटेल. पाहा हवे तर, पण एकट्याने काळजी करीत बसू नका. आई, आजोबा किंवा विश्वासाच्या शिक्षकांशी बोला. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास होणे, आकडी येणे असे प्रकार होतात, आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून बाटली लपवून ठेवण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सोडवावी. दारू हा नुसता स्वभावदोष नसून आजार आहे, असे मानून काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे.

दारू पूर्ण थांबली तर यकृतातली साधी चरबी काही आठवड्यांत ओसरते. सूज उतरायला महिने लागतात. सूत्रणाचे घट्ट तंतू फारसे विरघळत नाहीत, पण उरलेल्या पेशी काम सांभाळून घेतात आणि जलोदरदेखील कधी कधी हटतो. छातीवरचे कोळी काहींचे पुसट होतात, काहींचे राहतात. पेलाग्राच्या रोग्याला नायसिन सुरू केले की जिभेची आग दोन-तीन दिवसांत शमते. मानेवरची माळ जायला मात्र काही आठवडे लागतात.